पाच जण वेस्ट इंडिजला, करंडक मुंबईतच : १९७०-७१ च्या रणजी संघाचा प्रकरण अभ्यास

१९७१ च्या सुरुवातीला अजित वाडेकर भारताचा संघ घेऊन वेस्ट इंडिजला गेले. निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांनी आपलं निर्णायक मत वापरून पतौडींच्या जागी वाडेकरांना कर्णधार केलं होतं आणि त्यावरून बरीच कुजबुज चालू होती. त्या सोळा जणांत मुंबईचे पाच होते. स्वतः वाडेकर, दिलीप सरदेसाई, अशोक मांकड, एकनाथ सोलकर आणि तोवर एकही कसोटी न खेळलेले सुनील गावसकर. सरदेसाईंच्या ६४२ धावा, गावसकरांच्या चार कसोटींतल्या ७७४ धावा, पोर्ट ऑफ स्पेनचा विजय आणि वेस्ट इंडिजविरुद्धचा पहिलावहिला मालिकाविजय, हे सगळं आता पाठ्यपुस्तकासारखं पाठ झालं आहे.

आपलं प्रकरण मात्र मुंबईत मागे राहिलेल्यांचं आहे.

मुंबईने १९५८-५९ पासून सलग १२ वर्षं रणजी करंडक जिंकला होता. १९७०-७१ हे तेरावं वर्ष, आणि नेमके याच वर्षी पाच जण संघात नव्हते. हे पाच म्हणजे जवळजवळ अख्खी वरची फलंदाजी, आणि सोलकरांच्या रूपाने फॉरवर्ड शॉर्ट लेगला, म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळ, उभा राहणारा जगातला बहुधा सर्वोत्तम क्षेत्ररक्षक. कारकिर्दीत त्यांनी २७ कसोटींत ५३ झेल घेतले. उरलेल्या संघाचं कर्णधारपद सुधीर नाईक यांच्याकडे आलं. नाईक सलामीचे फलंदाज होते आणि त्यांची पहिली कसोटी यायला अजून तीन वर्षं होती.

त्याच वर्षी स्पर्धेची रचनाही बदलली. आधी प्रत्येक विभागातून एकच संघ बाद फेरीत जायचा, त्या वर्षीपासून दोन जाऊ लागले. त्यामुळे पश्चिम विभागातलेच दोन संघ अंतिम सामन्यात समोरासमोर आले, मुंबई आणि महाराष्ट्र. महाराष्ट्राच्या संघातून वेस्ट इंडिजला एकही खेळाडू गेलेला नव्हता. पूर्ण ताकदीचा शेजारी एका बाजूला आणि पाच खांब काढून घेतलेलं घर दुसऱ्या बाजूला, असा तो सामना होता. मुंबईने तो ४८ धावांनी जिंकला.

प्रकरण इथेच संपलं असतं तर ती एक छान हकिगत झाली असती. पण मला रस आहे तो त्यानंतरच्या गोष्टीत. १९७१-७२ चा हंगाम सुरू झाला, वेस्ट इंडिज आणि इंग्लंड जिंकून आलेले मोठे फलंदाज परतले, आणि आदल्या वर्षी करंडक जिंकून देणाऱ्या नाईकांना अकरा जणांत जागा उरली नाही. विजेता कर्णधार बाहेर बसला. त्यावर काही मोठा गदारोळ झाल्याचं क्रिकेटच्या बखरींत सापडत नाही. नाईक मुंबईसाठी खेळत राहिले, १९७३-७४ मध्ये त्यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद २०० केल्या आणि १९७४ मध्ये इंग्लंडमध्ये कसोटी पदार्पण करून दुसऱ्या डावात ७७ काढल्या.

दीर्घकाळ टिकणारी कार्यसंस्कृती म्हणजे काय, हे पाहायचं तर या दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात असं मला वाटतं. उत्तम माणसं काढून घेतली तरी संघ जिंकतो, आणि जिंकून देणारा माणूस बाहेर बसवला तरी संघ मोडत नाही. पहिली घटना बऱ्याच कंपन्यांना एखाद्या वेळी जमून जाते. दुसरी जमलेल्या मी फार थोड्या पाहिल्या आहेत. तिमाहीचं लक्ष्य गाठून देणाऱ्या व्यवस्थापकाला पुढच्या तिमाहीत ‘तुमच्यापेक्षा चांगला माणूस परत आलाय, जरा थांबा’ असं सांगून बघा, काय होतं ते.

नाईकांना काय करावं लागलं नाही

नेतृत्वाच्या प्रकरणांत साधारणपणे कर्णधाराने काय केलं ते सांगतात. बैठक घेतली, स्वप्न दाखवलं, एकेकाशी बोलला. इथे उलट बाजूने पाहणं जास्त उपयोगाचं आहे.

संघ आयत्या वेळी जमवलेला असूनही मुंबई कशी खेळते हे नाईकांना कुणाला शिकवावं लागलं नाही. वेळेवर या, असं सांगावं लागलं नाही. नव्या फलंदाजाला आपली विकेट किती महाग आहे ते समजावावं लागलं नाही. सामना कुठल्या नियमाने जिंकला जातो, हे सांगण्याचा प्रश्नच नव्हता. ही सगळी कामं रणजीच्या ड्रेसिंग रूममध्ये पोहोचण्याआधीच, क्लबात, कॉलेजात आणि ऑफिसच्या संघात, दुसऱ्याच कुणीतरी करून ठेवलेली होती. रणजीच्या कर्णधाराकडे खेळाडू यायचा तो तयार होऊन.

एक गोष्ट कबूल करायला हवी. मुंबईची गोलंदाजी त्या वर्षी शाबूत होती. पद्माकर शिवलकर होते, अब्दुल इस्माईल होते. फलंदाजीऐवजी शिवलकर दौऱ्यावर गेले असते तर निकाल हाच लागला असता का, हे सांगता येणार नाही. तेव्हा ‘संस्कृतीने सामना जिंकला’ असं सरळसोट म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण महाराष्ट्राविरुद्ध अंतिम सामन्यात गोलंदाजांना राखता येईल इतक्या धावा कुणीतरी करायला लागतातच, आणि ज्यांनी त्या केल्या त्यांतल्या बऱ्याच जणांना आज मुंबईबाहेर कुणी ओळखणार नाही.

तयार होऊन यायचा म्हणजे कुठून

मुंबईच्या क्रिकेटचा पाया म्हणून नेहमी शिवाजी पार्कचं नाव घेतलं जातं. ते बरोबरच आहे, पण मैदान असल्याने काही होत नाही. मैदानं कोलकात्यातही आहेत. मुंबईत त्या मैदानांवर स्पर्धांची एक घट्ट उतरंड होती. शाळेत हॅरिस आणि गाइल्स शिल्ड, मग विद्यापीठ, क्लबांची पुरुषोत्तम शिल्ड, पावसाळ्यात कांगा लीग आणि कंपन्यांसाठी टाइम्स शिल्ड.

कांगा लीगवर थोडं थांबू. डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाची ही स्पर्धा १९४८ पासून खेळली जाते, आणि ती मुद्दाम पावसाळ्यात. खेळपट्ट्या उघड्या, बाहेर गुडघ्याशी येणारं गवत, आणि आझाद मैदानासारख्या ठिकाणी एकाच वेळी इतके सामने चालू की एका सामन्यातला कव्हरचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्यातल्या मिडविकेटच्या क्षेत्ररक्षकाशेजारी उभा. जमिनीवरून मारलेला चेंडू गवतात अडकतो, म्हणून धावा हव्या असतील तर उचलून मारावं लागतं. ओल्या खेळपट्टीवर एक चेंडू घोट्याखालून जातो आणि पुढचा छातीवर येतो, म्हणून टिकायचं असेल तर चेंडू शेवटपर्यंत पाहून मऊ हातांनी खेळावं लागतं. शंभरच्या आत बाद झालेला संघही सामना जिंकू शकतो. अ पासून ग पर्यंत गट, वर जाणं आणि खाली येणं दोन्ही खरं.

आता यात संस्था बांधणीच्या दृष्टीने महत्त्वाचं काय? एक म्हणजे चूक लगेच दिसते आणि तिची शिक्षा लहान असते. रविवारी शून्यावर बाद झालास तर करिअर संपत नाही, फक्त पुढचा रविवार येईपर्यंत ऐकून घ्यावं लागतं. दुसरं अधिक मोलाचं. त्या काळात कसोटीपटूही या सामन्यांत उतरत. अठरा वर्षांच्या पोराला भारताच्या गोलंदाजासमोर उभं राहायला मिळायचं, आणि बाद झाल्यावर त्याच गोलंदाजाकडून आपण पाय कुठे टाकला होता तेही कळायचं. कुठलीही प्रशिक्षण कार्यशाळा न भरवता वरचं ज्ञान खाली झिरपायचं, कारण वरचा आणि खालचा आठवड्यातून एकदा तरी एकाच खेळपट्टीवर असायचे.

टाइम्स शिल्डने तिसरी गरज भागवली, ती म्हणजे पोटाची. क्रिकेटमध्ये पैसा नव्हता. बँका आणि कंपन्या खेळाडूंना नोकरी देत, सरावाला सवलत देत आणि बदल्यात आपला संघ मजबूत करत. वाडेकर स्टेट बँकेत होते, गावसकर निरलॉनमध्ये. या व्यवस्थेची फारशी दखल घेतली जात नाही, पण तिच्यामुळेच तिशीतला अनुभवी खेळाडू शहर सोडून गेला नाही किंवा खेळ सोडून दुकानात बसला नाही. तो मैदानात राहिला आणि पोरांच्या मधे राहिला. मला विचाराल तर १९७२-७३ पर्यंतच्या मुंबईच्या सलग १५ करंडकांतला मोठा वाटा या पगारपत्रकांचा आहे.

दादर युनियन, किंवा मधल्या फळीतले व्यवस्थापक

क्लबांमध्ये दादर युनियन आणि शिवाजी पार्क जिमखाना यांची चुरस प्रसिद्ध होती. दादर युनियनचं माटुंग्याचं दडकर मैदान भरून जायचं. माधव मंत्री, गावसकर, दिलीप वेंगसरकर हे या क्लबाचे. समोर शिवाजी पार्क जिमखान्याकडे शिवलकर, पुढे संदीप पाटील.

मंत्री स्वतः भारताचे आणि मुंबईचे यष्टिरक्षक, मुंबईचे कर्णधार, आणि नात्याने गावसकरांचे मामा. शिस्तीच्या बाबतीत ते कडक म्हणून ओळखले जात. वेळ म्हणजे वेळ, आणि कपडे पांढरेशुभ्र. गावसकरांनी स्वतः सांगितलेली एक आठवण आहे. लहानपणी मामांकडे भारताच्या टोप्या आणि स्वेटर बघून त्यांनी त्यातलं एक मागितलं. मामांनी दिलं नाही. हे घाम गाळून मिळवायचं असतं, असं सांगितलं. पुढे गावसकर मुंबईकडून पहिल्याच सामन्यात शून्यावर बाद झाले, तेव्हा मामा निवड समितीत असल्यामुळे जागा मिळाली अशी हेटाळणीही त्यांच्या वाट्याला आली. दुसऱ्या सामन्यात राजस्थानविरुद्ध शतक आलं. नात्यागोत्याच्या संशयाला या शहरात धावांशिवाय दुसरं उत्तर कुणी देऊ शकत नव्हतं, आणि कुणी मागतही नव्हतं.

दादर युनियनचं दुसरं नाव म्हणजे वासू परांजपे. रणजीत ते फार मोठे खेळाडू नव्हते, पण क्लबाचे कर्णधार म्हणून त्यांची नजर विलक्षण होती. गावसकरांना ‘सनी’ हे नाव त्यांनीच दिलं. पुढच्या कित्येक पिढ्यांचे फलंदाज त्यांच्याशी नुसतं बोलायला जात. संघसंस्कृती घडवणारे लोक वरच्या पदावर असतातच असं नाही, याचं हे चांगलं उदाहरण आहे. रणजीचे कर्णधार बदलत राहिले, पंधरा वर्षांत तर अनेक झाले. क्लबांतले हे लोक मात्र तिथेच होते. कुणाला काय चालतं आणि काय चालत नाही, हे तेच ठरवत होते.

ते ठरवायची पद्धत अर्थातच मुंबईची. स्तुती कंजूषपणे. शतक करून आलेल्याला आधी विचारणार, बाद कसल्या फटक्यावर झालास? हे आजच्या कार्यालयात कुणाला मानवेल असं मला वाटत नाही, आणि सगळ्यांनाच ते मानवलं असेल असंही नाही. पण त्यात एक न्याय होता. बोलणारा स्वतः रविवारी त्याच चिखलात खेळणार होता आणि त्यालाही कुणीतरी तेच ऐकवणार होतं. भिंतीवर मूल्यांचे फलक लावून स्वतः कधीच त्या कामाला हात न लावणाऱ्या वरिष्ठांची बोलणी वेगळी आणि ही वेगळी.

नियम पाठ असणं

मुंबईच्या खेळाला खडूस म्हणतात. तो स्वभावाचा भाग आहे असं समजून सोडून दिलं जातं. माझ्या मते त्यामागे एक रोकडा हिशोब आहे.

रणजीत सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणारा पुढे जातो. हे एक वाक्य डोक्यात पक्कं ठेवलं की मुंबईचा खेळ समजतो. पहिल्या डावात समोरच्यापेक्षा एक धाव जास्त झाली की सामना निम्मा खिशात. मग शतक झाल्यावर बॅट फेकण्यात काय हशील? दीडशे करा, दोनशे करा, समोरच्याला दोन दिवस उन्हात उभं करा. वाडेकरांनी १९६६-६७ मध्ये म्हैसूरविरुद्ध ३२३ केल्या, त्या नुसत्या हौसेच्या नव्हत्या. प्रेक्षकांना कंटाळा आला असेल, करंडक मात्र कधी कंटाळला नाही. सरदेसाई मडगावचे, गोव्यातून येऊन मुंबईचे झालेले. मुंबईकडून खेळलेल्या १३ रणजी हंगामांत ते एकाही सामन्यात हरलेल्या बाजूला नव्हते.

हीच सवय १९७१ मध्ये किंग्स्टनला दिसली. पहिल्या कसोटीचा पहिला दिवस पावसात गेला होता. भारत ५ बाद ७५ वर असताना सरदेसाई आणि सोलकर यांनी १३७ धावा जोडल्या. सरदेसाई २१२ पर्यंत गेले, भारताच्या ३८७ झाल्या आणि वेस्ट इंडिज २१७ वर आटोपला. आघाडी १७० ची. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑनला, म्हणजे समोरच्या संघाला लगेच पुन्हा फलंदाजीला लावायला, २०० ची आघाडी लागते, पण पहिला दिवस वाया गेला की सामना चार दिवसांचा धरतात आणि १५० पुरतात. वाडेकरांना हे माहीत होतं. त्यांनी जाऊन वेस्ट इंडिजचे कर्णधार सोबर्स यांना फॉलोऑन दिला. सामना अनिर्णित राहिला, पण मालिकेची हवा तिथे बदलली असं त्या दौऱ्यावरचे बहुतेक जण सांगतात. म्हणजे मुंबईत नाईकांचा संघ ज्या शिदोरीवर खेळत होता, तीच शिदोरी वाडेकर, सरदेसाई आणि सोलकर सोबत घेऊन गेले होते. पहिल्या डावातली आघाडी कुठे आणि किती लागते, हे ज्याला पाठ आहे तो कॅरिबियनमध्येही हिशोब चुकत नाही.

व्यवस्थापनाच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी यशाची मोजपट्टी नीट वाचली होती आणि कामाची रीत त्या मोजपट्टीला जुळवली होती. मोजपट्टी एक आणि घोषवाक्य भलतंच, असा घोटाळा नव्हता.

१९७२-७३ चा अंतिम सामना याची दुसरी बाजू दाखवतो. चेपॉकवर तामिळनाडूविरुद्ध खेळपट्टी अशी की चेंडू पहिल्या दिवसापासून हातभर वळतोय. तिथे धावांचे डोंगर रचणं शक्यच नव्हतं. मुंबई १५१ आणि ११३, तामिळनाडू ८० आणि ६१. शिवलकरांनी १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ बळी घेतले, आणि सामना तिसऱ्या दिवशी पहिल्याच चेंडूवर संपला. पावसाळ्यात कांगा लीग खेळलेल्या माणसांना १५१ ही धावसंख्या मोठी आहे हे कळत होतं. हा सलग पंधरावा करंडक होता.

किंमत कुणी मोजली

या प्रकरणात जे लोक दिसत नाहीत त्यांच्याविषयी बोलल्याशिवाय ते पुरं होणार नाही.

रांग फार लांब होती. वाडेकर १९५८-५९ मध्ये प्रथम श्रेणी क्रिकेट खेळायला लागले आणि कसोटी मिळाली डिसेंबर १९६६ मध्ये. ते निदान खेळले. शिवलकरांनी प्रथम श्रेणीत १९.६९ च्या सरासरीने ५८९ बळी घेतले आणि एकही कसोटी खेळले नाहीत, कारण त्याच काळात त्यांच्यासारखेच डावखुरे फिरकी गोलंदाज बिशनसिंग बेदी होते. पुढच्या पिढीत अमोल मुझुमदार यांनी पदार्पणात २६० केल्या, ११ हजारांहून जास्त प्रथम श्रेणी धावा जमवल्या आणि तेही भारताकडून कधी खेळले नाहीत. पुढे त्यांच्याच प्रशिक्षणाखाली भारताच्या महिला संघाने नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत विश्वचषक जिंकला हे खरं, पण म्हणून आधीचा हिशोब चुकता होत नाही.

भारतीय संघाच्या निवडीचा दोष मुंबईच्या संस्कृतीवर टाकता येणार नाही. पण ही संस्कृती अशा माणसांवर उभी होती, ज्यांनी बक्षिसाची खात्री नसताना वर्षानुवर्षं तोच दर्जा राखला. नाईकांना बाहेर बसवणं सोपं गेलं, कारण नाईक ते सहन करू शकत होते. उच्च कामगिरीच्या संघांचं कौतुक करताना आपण हे सहन करणं गृहीत धरतो. ज्या संघटनेत खेळाडूला नोकरी होती, क्लब होता, रविवारी खेळायला जागा होती आणि शहरात मान होता, तिथे वगळलं जाणं पचतं. हे काहीच नसेल तर तीच कठोरता निव्वळ क्रूरता ठरते. मुंबईचं अनुकरण करू पाहणाऱ्यांनी बहुतेक वेळा नुसती कठोरता उचलली आहे.

आणि वर्तुळ लहान होतं. दादर, माटुंगा, शिवाजी पार्क, फोर्टची मैदानं. बाहेरच्या पोराला आत यायला कुणीतरी दार उघडावं लागायचं. यात नाईकांचं नाव पुन्हा येतं, ते खेळाडू म्हणून निवृत्त झाल्यानंतर. श्रीरामपूरहून आलेला सतरा वर्षांचा झहीर खान त्यांच्या नॅशनल क्रिकेट क्लबात दाखल झाला आणि तिथून त्याचा मार्ग सुरू झाला. नाईक पुढे वानखेडेचे क्युरेटर होते, २०११ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याची खेळपट्टी त्यांच्या देखरेखीखालची. वगळलेला कर्णधार पन्नास वर्षं त्याच व्यवस्थेत कुठल्या ना कुठल्या कामावर राहिला. एप्रिल २०२३ मध्ये ते गेले.

पंधरानंतर

१९७३-७४ च्या उपांत्य सामन्यात बंगळुरूला कर्नाटकाने मुंबईला हरवलं, आणि हरवलं ते पहिल्या डावातल्या आघाडीवर. इतरांनीही मोजपट्टी वाचायला सुरुवात केली होती. मुंबई पुढच्याच वर्षी परत जिंकली आणि नंतरही जिंकत राहिली, पण सलग १५ चा काळ सरला. १९८४-८५ नंतर तर थेट १९९३-९४ पर्यंत करंडक आला नाही. १९९१ च्या अंतिम सामन्यात हरियाणाविरुद्ध वानखेडेवर दोन धावा कमी पडल्या.

पाया हळूहळू बदलत होता. आंतरराष्ट्रीय वेळापत्रक वाढलं, तसे मोठे खेळाडू क्लबच्या सामन्यांतून दिसेनासे झाले. कंपन्यांना क्रिकेटपटूला नोकरी देण्यात रस उरला नाही. पोरगा आणि कसोटीपटू आठवड्यातून एकदा भेटायचे ती जागा रिकामी झाली. नवी मुलं आली ती विरारच्या, पालघरच्या लोकलमधून, उत्तर प्रदेशातल्या भदोहीतून येऊन आझाद मैदानावर तंबूत राहणारी. भूक त्यांच्याकडे भरपूर होती, पण वाट दाखवणारा क्लबातला वडीलधारा कमी झाला होता.

तरी काही शिल्लक होतं. २००६-०७ मध्ये मुंबई पहिले तीन सामने हरली. उपांत्य सामन्यात बडोद्याविरुद्ध दुसऱ्या डावात धावफलक ५ बाद ० होता. तो सामना आणि तो करंडक त्यांनी जिंकला, कर्णधार मुझुमदार आणि प्रशिक्षक प्रवीण आमरे. २०२३-२४ मध्ये बेचाळिसावा करंडक जिंकताना उपांत्यपूर्व सामन्यात बडोद्याविरुद्धच दहाव्या क्रमांकावरच्या तनुष कोटियनने नाबाद १२० आणि अकराव्या क्रमांकावरच्या तुषार देशपांडेने १२३ केल्या. शेवटच्या दोघांनी शतकं करणं प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये याआधी एकदाच घडलं होतं, १९४६ मध्ये ओव्हलवर चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांच्याकडून. आघाडी हातात असतानाही खेळत राहण्याची ती जुनी खोड.

या प्रकरणाचा सगळ्यात रंजक भाग मात्र मुंबईच्या बाहेर घडला. चंद्रकांत पंडित मुंबईच्या याच मुशीतले. त्यांच्या प्रशिक्षणाखाली विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ अशी सलग दोन वर्षं रणजी जिंकली, त्याआधी विदर्भाने ती कधीच जिंकली नव्हती. सोबत मुंबईहून आलेला, चाळिशीला पोहोचलेला वसीम जाफर होता. २०१८-१९ मध्ये त्याने हजारावर धावा केल्या. म्हणजे पंडितांनी नागपूरला नुसती शिस्त नेली नाही, नेटमध्ये रोज पोरांच्या शेजारी उभा राहणारा एक वरिष्ठही तिथे होता. मग पंडित मध्य प्रदेशाकडे गेले. २०२२ च्या अंतिम सामन्यात समोर मुंबईच. मुंबईच्या ३७४ ला मध्य प्रदेशाने ५३६ चं उत्तर दिलं, सामना आघाडीनेच अर्धा जिंकला आणि पाचव्या दिवशी सहा गडी राखून पुरा केला.

विदर्भाचं पुढे काय झालं, हे पाहणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पंडित गेले, जाफर निवृत्त झाला. २०२४-२५ मध्ये उस्मान गनी यांच्या प्रशिक्षणाखाली आणि अक्षय वाडकरच्या नेतृत्वाखाली विदर्भाने नागपूरला उपांत्य सामन्यात मुंबईला ८० धावांनी हरवलं आणि अंतिम सामन्यात केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या आघाडीवर तिसरा करंडक घेतला. हर्ष दुबेने त्या हंगामात ६९ बळी घेतले, रणजीच्या एका हंगामातला हा विक्रम. बाहेरून आणलेली माणसं निघून गेल्यावर संघ जिंकला, इतपत तर झालं. आता त्या संघातल्या एखाद्या विजेत्या कर्णधाराला पुढच्या वर्षी जागा नाही असं सांगायची वेळ येईल, तेव्हा विदर्भात त्याला सांभाळून घेणारे क्लब, नोकऱ्या आणि रविवारचे सामने किती आहेत, ते कळेल.